दोन घरची वायर : ए-३८० च्या हार्नेसचं प्रकरण

“सर, ही पोचत नाहीये.”

भोसरीतल्या एका हार्नेस शॉपमध्ये, म्हणजे वायरींच्या तयार जुड्या बांधण्याच्या कारखान्यात, मी नवखा असताना बोर्डावर काम करणाऱ्या एका ताईंनी मला हे सांगितलं. लाकडी बोर्डावर १:१ चं ड्रॉइंग चिकटवलेलं, त्यावर खिळे ठोकलेले, खिळ्यांमधून वायरी ओढत नेलेल्या आणि टोकाला कनेक्टरचा होल्डर. तेवीस वायरी कनेक्टरपर्यंत आल्या होत्या. चोविसावीचा क्रिंप (टोकावर दाबून बसवलेलं धातूचं टर्मिनल) पक्का होता, रंग बरोबर होता, नंबर बरोबर होता, फक्त ती कनेक्टरच्या दोन बोटं अलीकडे थांबली होती. ताईंनी ती ओढून बसवली नाही. ओढून बसवलेली वायर संध्याकाळच्या कंटिन्युइटी टेस्टला (वीज या टोकापासून त्या टोकाला पोचते का, ही तपासणी) पास होते आणि काही महिन्यांनी गाडीत धक्के खाऊन टर्मिनल मागे सरकतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मी कटिंगवाल्याला धरलं. त्याने कट-लिस्ट, म्हणजे कोणती वायर किती लांब कापायची त्याची यादी, दाखवली. लिस्टप्रमाणे वायर मिलिमीटरला बरोबर होती. मग ड्रॉइंगवाल्याकडे गेलो. त्याचा बोर्डही नव्या मॉडेलप्रमाणे बरोबर होता. दोघांची कागदपत्रं स्वच्छ, आणि वायर तोकडी. दुपारी उलगडा झाला. ग्राहकाने एक ब्रॅकेट हलवला होता. थ्रीडी मॉडेल बदललं, त्यावरून बोर्डाचं ड्रॉइंग बदललं, पण कट-लिस्ट ज्या एक्सेल फाइलमधून निघत होती तिला कोणी काही कळवलंच नव्हतं.

त्या दिवशी आमच्या एका वरिष्ठांनी चहा पिताना मला एअरबस ए-३८० ची गोष्ट सांगितली. नंतर मी ती बरीच वाचली. हार्नेस डिझाइनच्या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाने हे एक प्रकरण नीट समजून घ्यावं असं मला वाटतं, कारण ते जसं सांगितलं जातं तसं ते पुरतं खरं नाही.

पसारा

एअरबसने १९ डिसेंबर २००० रोजी या विमानाच्या कामाला अधिकृत सुरुवात केली. दोन पूर्ण मजले, चार इंजिनं, जगातलं सर्वांत मोठं प्रवासी विमान. आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे : एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायरिंग. मुंबईहून निघून कोकण ओलांडत गोव्याच्या वेशीपर्यंत जाईल एवढी तार एका विमानाच्या पोटात. वायरींची संख्या १ लाखाच्या घरात, कनेक्टर ४० हजारांवर.

विमानाचे तुकडे वेगवेगळ्या देशांत बनत. पंख वेल्समधल्या ब्रॉटनला, शेपटीचे भाग स्पेनमध्ये, आणि फ्युजलेजचा, म्हणजे विमानाच्या धडाचा, पुढचा व मागचा भाग जर्मनीत, हॅम्बुर्गला. तिथून जहाजाने फ्रान्सच्या किनाऱ्यावर, मग गारोन नदीतून बार्जवर लांगों या गावापर्यंत, आणि शेवटचा टप्पा रात्री रस्त्याने फ्रान्समधल्या तुलूझला, जिथे विमानाची अंतिम जोडणी होई. हॅम्बुर्गहून निघणारे भाग आपापले हार्नेस पोटात घालूनच यायचे आणि तुलूझला फक्त टोकं जोडायची, अशी कल्पना होती. नवरीने रुखवत सोबत आणावा तसं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. एअरबस १९७० पासून चालत आलेली असली तरी ती होती चार देशांच्या कंपन्यांची भागीदारी. एकसंध कंपनी झाली २००१ मध्ये, म्हणजे ए-३८० चं काम सुरू झाल्यावर. कुटुंब कागदावर एकत्र आलं, चुली मात्र वेगळ्याच राहिल्या. कोणत्या चुलीवर कोणतं सॉफ्टवेअर शिजतंय, हा प्रश्न त्या वेळी कोणाला फार मोठा वाटला नसावा.

तुलूझमध्ये काय झालं

२००४ संपता संपता हॅम्बुर्गचे मेकॅनिक तुलूझच्या असेंब्ली लाइनवर वायरी घालू लागले. भिंतींच्या पॅनेलमागून, फ्लोअरच्या खालून, फ्रेमच्या भोकांतून आठवडेच्या आठवडे त्या ओवल्या, आणि मग लक्षात आलं की काही वायरी ठरलेल्या जागी पोचतच नाहीत. थोडक्या सेंटिमीटरांनी कमी.

एखाददुसरी वायर तोकडी पडली तर बदलता येते. जुडी बांधलेल्या हार्नेसमध्ये मात्र एक वायर बदलायची म्हणजे टेप सोडायची, क्लिप काढायच्या, शेजारच्या वायरी सैल करायच्या आणि परत बांधायच्या. त्यात विमानात एका जुडीच्या मार्गावर दुसरी जुडी बसलेली. एक काढायला पाच काढाव्या लागतात. हॅम्बुर्गहून शेकडो माणसं तुलूझला येऊन, हॉटेलांत राहून, हाताने वायरी लावत बसली.

गंमत अशी की विमान उडायला काहीच अडचण नव्हती. २७ एप्रिल २००५ ला पहिलं उड्डाण झालं, व्यवस्थित झालं. आणि संकट ऐन भरात असताना, १२ डिसेंबर २००६ रोजी, युरोप आणि अमेरिका दोन्हीकडून त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे डिझाइन सुरक्षित असल्याची सरकारी मान्यता, मिळालं. चाचणीचं विमान हाताने, काळजीने, एकेक करून बनवता येतं. एकामागून एक तशीच विमानं काढायची, प्रत्येक एअरलाइनच्या केबिनप्रमाणे वायरिंग बदलून, तेव्हा डेटा उघडा पडतो. माझ्या अनुभवात प्रोटोटाइप पास झाल्याचा आनंद हार्नेसवाल्याने जरा आवरूनच साजरा करावा.

व्ही-४, व्ही-५

हे प्रकरण सगळीकडे एका वाक्यात सांगितलं जातं : जर्मन कॅटिया व्ही-४ वापरत होते, फ्रेंच व्ही-५, म्हणून वायरी कमी पडल्या.

यात तथ्य आहे. कॅटिया हे दासो सिस्टिम्सचं थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअर. व्ही-४ युनिक्सच्या मोठ्या वर्कस्टेशनवर चालायचं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं व्ही-५ ही त्याची सुधारलेली आवृत्ती नव्हती, ते पायापासून नव्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर होतं. नाव तेच, घर नवीन. व्ही-४ चं मॉडेल व्ही-५ मध्ये उघडायचं तर भाषांतर करावं लागे. त्या भाषांतरात आकार येतो, पण तो आकार कशातून तयार झाला, कोणता पाइप कोणत्या ब्रॅकेटला बांधलेला आहे, कोणतं माप कशावर अवलंबून आहे, ही बुद्धी मागेच राहते. हाती येतो मुका ठोकळा. स्ट्रक्चरवाल्याचं मुक्या ठोकळ्यावर एक वेळ भागतं. हार्नेसवाल्याचं नाही भागत, कारण हार्नेसमध्ये आकाराला फारशी किंमतच नसते. कोण कोणाला जोडलंय, यातच सगळं असतं.

मग हॅम्बुर्गने व्ही-५ घेतलं का नाही? बाहेरून बघणाऱ्याला हा हट्ट वाटतो. मला तो ओळखीचा वाटतो. चालू प्रकल्पाच्या मध्यावर टूल बदलायला कोणी धजावत नाही. जुन्या टूलवर माणसांचा हात बसलेला असतो, त्यावर वर्षानुवर्षं लिहिलेले छोटे छोटे प्रोग्रॅम असतात, आणि डेडलाइन दारात उभी असते. “हे एवढं विमान होऊ दे, मग बदलू” हे वाक्य मी मराठीत कितीतरी वेळा ऐकलंय. जर्मनमध्ये ते वेगळं असेल असं वाटत नाही.

तरीही सगळं खापर आवृत्तीवर फोडणं मला पटत नाही. ३ ऑक्टोबर २००६ ला तेव्हाचे एअरबसप्रमुख क्रिस्तियाँ स्ट्रेफ यांनी कारण सांगितलं त्यात भर वेगळ्या गोष्टीवर होता : हार्नेस बसवण्याचं डिझाइन ज्या थ्रीडी डिजिटल मॉक-अपवर (संगणकात उभं केलेलं आख्खं विमान) व्हायला हवं होतं तो उशिरा लागू झाला, आणि तो वापरणारे लोक तेव्हा अजून शिकतच होते. म्हणजे दोन्हीकडे एकच आवृत्ती असती तरी मॉक-अप उशिराच आला असता.

लांबी कुठे जन्माला येते

हे नीट कळायला वायरची कुंडली मांडावी लागेल.

इलेक्ट्रिकल विभागाच्या दृष्टीने वायर म्हणजे एक ओळ. वायर नंबर, कुठून निघाली (कनेक्टर, पिन), कुठे गेली (कनेक्टर, पिन), गेज (वायरची जाडी), रंग, कोणता सिग्नल, आणि कोणत्या वायरींसोबत तिने जायचं नाही. या ओळीत सगळं असतं, फक्त लांबी नसते. सर्किट डायग्रामवर दोन उपकरणं शेजारी काढली म्हणून विमानात ती शेजारी नसतात.

मेकॅनिकल विभागाच्या दृष्टीने तीच वायर म्हणजे एका नळीतला अनामिक भाग. त्यांच्या थ्रीडीमध्ये जुडीचा मार्ग असतो, क्लिप असतात, वळणं असतात. त्या नळीतून चाळीस वायरी जातात की साठ, हे त्यांना इलेक्ट्रिकलने सांगावं लागतं. त्यांच्याकडे लांबी असते, पण ती कोणाची हे माहीत नसतं.

लांबी जन्माला येते ती ही ओळ आणि हा मार्ग एकमेकांना भेटतात तिथे. आधी नाही, नंतरही नाही. आणि दोन्ही विभागांच्या आखणीत ती भेटण्याची जागा बहुधा कोणाच्याच मालकीची नसते. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तशी दोन विभागांची वायर तोकडी राहते.

आता यात एक चक्र आहे, आणि ते फारसं कोणी समजावून सांगत नाही. समजा इलेक्ट्रिकलने एका जुडीत वीस वायरी वाढवल्या. जुडी जाड झाली. जाड जुडी जुन्या क्लिपमध्ये बसत नाही, तेवढ्या अरुंद वळणातून वळत नाही. म्हणून मार्ग बदलला. मार्ग बदलला की लांबी बदलली. लांबी वाढली की व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरीतच वाया जाणारं व्होल्टेज, वाढला. काही वायरींचं गेज वाढवावं लागलं. गेज वाढलं की जुडी आणखी जाड. गोल फिरून परत तिथेच. दोन्ही विभाग एकाच डेटावर असतील तर हे चक्र दोन-तीन फेऱ्यांत शांत होतं. एक आठवड्याला एक फाइल ई-मेलने जात असेल तर प्रत्येक फेरीला आठवडा, आणि तेवढ्यात तिसरा बदल येतो.

ए-३८० मध्ये या चक्राला ॲल्युमिनियमने जोर दिला. वजन वाचवण्यासाठी बऱ्याच वायरी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या घेतल्या होत्या. हिशोब सोपा आहे : ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, म्हणून तेवढ्याच रेझिस्टन्ससाठी वायरचं क्षेत्रफळ सुमारे १.६ पट लागतं. पण घनता तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असल्याने वजन जवळजवळ निम्म्यावर येतं. ५३० किलोमीटरवर हे वाचवणं कोणालाही मोहात पाडेल. किंमत मात्र भूमितीला मोजावी लागते. वायर जाड होते, आणि ॲल्युमिनियम तांब्याइतकं अरुंद वळण सहन करत नाही. तांब्याचे नियम डोक्यात किंवा सॉफ्टवेअरमध्ये ठेवून आखलेलं वळण ॲल्युमिनियमला चालत नाही. मॉडेलमध्ये जुडी कोपऱ्याला चिकटून जाते, प्रत्यक्षात ती बाहेरून फेरा मारते, आणि फेऱ्याचे सेंटिमीटर कट-लिस्टमध्ये नसतात.

जुडीच्या जाडीचंच बघा. थ्रीडीमध्ये लांबी सहसा जुडीच्या मध्यरेषेवर मोजतात. जुडी ४० मिलिमीटर व्यासाची असेल आणि ९० अंशांत वळत असेल, तर अगदी बाहेरच्या कडेने जाणारी वायर मध्यरेषेपेक्षा २० मिलिमीटर गुणिले १.५७, म्हणजे सुमारे ३१ मिलिमीटर जास्त चालते. एकाच दिशेची अशी तीन वळणं आली आणि ती वायर बाहेरच राहिली, तर ९ सेंटिमीटरांहून जास्त फरक. वायरी मध्येच एकमेकींत मिसळतात म्हणून एवढा फरक क्वचित पडतो. पण हा नियम कोणाच्या टूलमध्ये कसा लिहिलाय, यावर हार्नेस पोचतो की नाही हे ठरतं. दोन टूल, दोन नियम, आणि मध्ये भाषांतर.

“मग प्रत्येक वायर पाच सेंटिमीटर जास्तच कापा ना,” असं नवा मुलगा हमखास सुचवतो. गाडीत तसं करतातही. जास्तीची वायर दुमडून टेपखाली दडपतात. विमानात १ लाख वायरींना प्रत्येकी पाच सेंटिमीटर म्हणजे पाच किलोमीटर वायर, आणि ती फुकटची आयुष्यभर आकाशात वाहून न्यायची. शिवाय माझा अनुभव असा की जास्तीचं माप ठेवलं की चुकीचा डेटा झाकला जातो. मग तो सापडतो थेट ग्राहकाकडे.

सातबारा

बदल हा हार्नेसचा स्थायीभाव. इंजिनाचं कास्टिंग फायनल झालं की झालं. हार्नेस मात्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलत राहतो, कारण बाकी सगळ्यांचे बदल शेवटी वायरीत येऊन पडतात. ए-३८० मध्ये भर म्हणजे प्रत्येक एअरलाइनची केबिन वेगळी. सीट कुठे, स्वयंपाकघर कुठे, पडदे किती, मनोरंजनाचे स्क्रीन कोणते. सीटची एक रांग हलली की शेकडो वायरी हलतात. हे बदल माणसांनी कागदावर, फोनवर सांभाळले आणि सामायिक मॉक-अपमध्ये वेळेत पोचवले नाहीत, असं नंतर बाहेर आलं. मॉक-अपमधलं विमान आणि हँगरमधलं विमान दोन वेगळी झाली होती.

इथे जरा आडवळणाला जातो, कारण हा प्रकार मी स्वतः निस्तरलाय. एका प्रकल्पात इलेक्ट्रिकलकडून वायर लिस्ट एक्सेलमध्ये यायची. त्यात कनेक्टर आणि पिन एकाच रकान्यात, मध्ये आडवी रेघ : ४-९, ५-३, ७-१२. एक्सेलला वाटलं या तारखा आहेत. ७-१२ चं झालं ७ डिसेंबर. सीएसव्ही करून हार्नेस सॉफ्टवेअरमध्ये घातलं तेव्हा एकशे दहा वायरींना “डिसेंबर” नावाचा पिन. आमच्या टीममधला एक जण म्हणाला, “अहो, सातबारा कोणाच्या नावावर आहे तेच कळत नाहीये.” हसलो, पण प्रश्न तोच होता. जमिनीचा सातबारा तलाठ्याकडे एकच असतो. वायरीचा सातबारा आमच्याकडे चार जणांकडे होता, आणि प्रत्येकाच्या उताऱ्यावर वेगळी नोंद.

किंमत

जून २००५ मध्ये पहिला उशीर जाहीर झाला. १३ जून २००६ ला दुसरा, आणखी सहा-सात महिन्यांचा. दुसऱ्या दिवशी ईएडीएस या मालक कंपनीचा शेअर एका दिवसात २६ टक्के पडला. २ जुलैला ईएडीएसचे सहप्रमुख नोएल फोर्झार आणि एअरबसचे प्रमुख गुस्ताव हुम्बर्ट यांनी राजीनामे दिले. स्ट्रेफ आले, ३ ऑक्टोबरला तिसरा उशीर सांगितला, एकूण दोन वर्षांचा, आणि ९ ऑक्टोबरला तेही गेले. २०१० पर्यंत नफ्यात ४.८ अब्ज युरोंची घट येईल असा कंपनीचा स्वतःचा अंदाज होता. नोव्हेंबरमध्ये फेडेक्सने दहा मालवाहू ए-३८० ची ऑर्डर रद्द करून बोइंगकडे वळणं पसंत केलं. पुढच्या वर्षी यूपीएसही गेलं, आणि मालवाहू ए-३८० कधी बनलंच नाही.

पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला १५ ऑक्टोबर २००७ ला मिळालं, दहा दिवसांनी ते सिंगापूरहून सिडनीला प्रवासी घेऊन उडालं. त्या वर्षी हातात दिलेली विमानं : एक. २००८ मध्ये बारा, २००९ मध्ये दहा.

सोडवलं कसं

उपाय दोन पायऱ्यांचा होता. सगळ्या ठिकाणी एकच, पारखलेली टूल, वेगवेगळ्या देशांच्या लोकांच्या मिश्र टीम, आणि प्रशिक्षण. हे ऐकायला साधं वाटतं, पण लाइनवर उभी असलेली विमानं तोवर थांबवून ठेवता येत नव्हती. म्हणून पहिली पंचवीसेक विमानं, ज्यांना त्यांनी पहिली लाट म्हटलं, हाताने वायरिंग करून पूर्ण केली. त्यानंतरच्या, दुसऱ्या लाटेच्या विमानांसाठी हार्नेसचं डिझाइन एकाच डिजिटल साखळीतून नव्याने काढलं.

ही फोड मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे सहसा उलट होतं : चालू बॅचही सुधारायची आणि नवी पद्धतही तिच्यावरच रुजवायची, मग दोन्ही अर्धवट. त्यांनी जुन्याला जुन्या पद्धतीने, महाग पडलं तरी, पार पाडलं आणि नव्याचा पाया वेगळा घातला. पुढच्या ए-३५० मध्ये तर पुरवठादारांसकट सगळे सुरुवातीपासून एकाच डिजिटल मॉक-अपवर बसवले.

आमच्या टेबलावर

विमानाच्या गोष्टीतून पुण्यातल्या ट्रॅक्टरच्या हार्नेसला काय घ्यायचं? सातबाराच्या प्रकारानंतर आम्ही काही सवयी लावून घेतल्या. त्यातल्या ज्या टिकल्या त्याच सांगतो.

पहिली म्हणजे लांबीला मालक नेमला. एक माणूस, नावानिशी. इलेक्ट्रिकलचा नाही, मेकॅनिकलचा नाही. दोन्ही डेटा जिथे जुळतो त्या फाइलचा. बदल कोणाचाही असो, त्याच्याकडून गेल्याशिवाय कट-लिस्ट निघत नाही. लोक कुरकुरले, कारण यात एक दिवस जातो. तो दिवस आम्ही आजही घालवतो.

मग प्रत्येक लांबीच्या पुढे ती आली कुठून हे लिहायला लागलो : अंदाजे, मॉडेलवरून, किंवा बोर्डावर मोजलेली. पूर्वी तिन्ही एकाच रकान्यात, एकाच फाँटमध्ये शेजारी बसत आणि सारख्याच खऱ्या दिसत. आता “अंदाजे” असलेली एकही ओळ शिल्लक असेल तर उत्पादनाला फाइल जात नाही.

वायर नंबरात अर्थ भरणं बंद केलं. पूर्वी नंबरातच कनेक्टर, सर्किट, रंग सगळं कोंबलेलं असे. वायर एका कनेक्टरवरून दुसऱ्यावर गेली की नंबर बदले, आणि सॉफ्टवेअरला वाटे जुनी वायर मेली, नवी जन्मली. दोन आवृत्त्यांची तुलना केली की चार खऱ्या बदलांऐवजी चाळीस दिसत, आणि चाळीस दिसले की कोणीच बघत नाही. आता नंबर म्हणजे निव्वळ आडनाव. लग्न कुठेही झालं तरी बदलत नाही.

ग्राहकाशी देवाणघेवाण एक्सेलऐवजी केबीएल फाइलने मागू लागलो. केबीएल हा जर्मन वाहन उद्योगाचा ठरलेला फॉरमॅट, व्हीडीए ४९६४. वायर, पिन, टर्मिनल, मार्गाचे तुकडे, त्यांची लांबी, सगळं एकाच एक्सएमएल फाइलमध्ये, एकमेकांना जोडलेलं. नाव आलंय जर्मन ‘काबेलबाउम’वरून, म्हणजे केबलचं झाड, हार्नेसला हा शब्द मला इंग्रजीपेक्षा जास्त आवडतो, कारण बोर्डावर बांधून झालेला हार्नेस उचलला की खरंच उपटलेल्या झाडासारखा दिसतो. लहान ग्राहक अजूनही एक्सेलच पाठवतात. मग आम्ही रकाना ‘टेक्स्ट’ करून मगच पेस्ट करतो. तेवढं कळायला एकशे दहा वायरी लागल्या.

आणि बोर्डाकडून उलटा प्रवास सुरू केला. ताई पहिल्या नमुन्याच्या वेळी बोर्डावरच स्केच पेनने लिहितात : इथे १५ कमी, इथे ३० जास्त. संध्याकाळी लांबीचा मालक फोटो काढतो आणि दुसऱ्या दिवशी ती मापं मॉडेलमध्ये तपासली जातात. चूक मॉडेलमध्ये असेल तर मॉडेल सुधारतं, कट-लिस्टवर पेनाने दुरुस्ती होत नाही. या एका नियमावरून आमच्याकडे सर्वांत जास्त भांडणं झाली, कारण पेनाने दुरुस्ती करायला दहा सेकंद लागतात.

पहिलं विमान

सिंगापूर एअरलाइन्सला २००७ मध्ये मिळालेलं ते पहिलं विमान, कारखान्याच्या नोंदीत क्रमांक ००३, पहिल्या लाटेतलं होतं. म्हणजे त्याचं वायरिंग हाताने पुरं केलेलं. २०१४ पासून त्याची भावंडं मुंबईलाही येऊ लागली. ००३ दहा वर्षं उडालं, भाड्याची मुदत संपल्यावर २०१७ मध्ये एअरलाइनने ते परत केलं, आणि त्याला दुसरा गिऱ्हाईक मिळाला नाही. शेवटी ते दक्षिण फ्रान्समध्ये टार्बला नेऊन सुटं केलं. सुट्या भागांसाठी विमान उघडताना आधी इंजिनं निघतात, मग महागडी उपकरणं, आणि त्यासाठी प्रत्येक कनेक्टर हाताने सोडवावा लागतो. ज्या तुलूझमध्ये ते टोकाटोकाने जोडले होते, तिथून टार्ब गाडीने दोन तासांच्या आत.